फोटोतली भिंत

परळ,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सम्यक यास,

आत्याचा जय भीम. पुढचं ‘सप्रेम’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ या खेपेला लिहीत नाही. मला तुझा राग आलाय आणि आत एक बाहेर एक असं मला जमत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी आवाज चढवला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्राला मीटिंग आडवी येत नाही. शिवाय आपल्या चाळीत फोनवर भांडायचं म्हणजे सगळा मजला हातातला घास ठेवून ऐकत बसणार. प्रभादेवी काही लांब नाही, माणूस चालत येईल. पण भाड्याची खोली घेतल्यापासून तू जयंतीला आणि तुझ्या बापाच्या, आमच्या दादाच्या, औषधांपुरता उगवतोस.

तर ऐक. दिवाळीनंतर तू शिवडीला एका गाळ्यात स्वच्छतेच्या ऑडिटला आला होतास. मिठाईचे खोके आणि खोक्यात घालायचा कागद बनवतात तिथे. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, तरी मी तुला दारातच ओळखलं. तू दादासारखाच एक खांदा पाडून चालतोस. पेस्टिंगच्या टेबलाशी येऊन तू आम्हा बायकांचे हात तपासलेस. नखं वाढलीत का, बांगड्या काढल्यात का, जखमेला पट्टी आहे का. माझेही हात उलटेपालटे करून बघितलेस आणि "ठीक आहे मावशी" म्हणून पुढे गेलास. मावशी! अरे, याच हातांनी तुझी नखं कापलीत मी, मांडीखाली दाबून धरून.

मी शिवडीला पॅकिंगला जाते हे तुला माहीत होतं. कुठल्या गाळ्यात जाते, ते तू कधी विचारलं नाहीस. ऑडिटच्या दिवशी आम्ही आपणहून बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर तेव्हा मला अभिमानच वाटला. घरीसुद्धा बोलले नाही, नाहीतर दादानं चाळभर दवंडी पिटली असती.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. तू गेल्यावर मालकांचे चिरंजीव, सिद्धांत सर, सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेबांनी लिहिलंय, लेडीज टॉयलेटचा दरवाजा पॅकिंग हॉलमध्ये उघडतो. चालणार नाही." आठवडाभरात गवंडी आला. त्यानं ते दार विटांनी बुजवलं आणि वर पांढरा रंग फासला. मागच्या बाजूनं भिंत फोडून आमच्या संडासाची कागदाचे रोल ठेवायची खोली केली. पुरुषांची मुतारी वर ऑफिसाशेजारी आहे, तिला कोणी हात लावला नाही.

आता आम्ही चौदा बायकांनी जायचं कुठे? तर कंपाउंडच्या पार टोकाला, जिथे टेम्पो लागतात तिथल्या संडासात. तिथे ड्रायव्हर, क्लीनर, हमाल सगळे जातात. निघताना कोट काढा, टोपी काढा, बूट बदला. आल्यावर हात धुवा, औषध चोळा, परत सगळं चढवा. आणि आमचा सुपरवायझर रघुवीर एका वेळी एकीलाच सोडतो, तेही कपाळाला आठ्या घालून. बायकांनी यावर काय उपाय काढला असेल? पाणी प्यायचं सोडलं. सकाळचा चहा बंद. डब्याबरोबर एक घोट, तो घास उतरावा म्हणून.

आमच्यात दर्शना म्हणून एक मुलगी आहे, सगळ्यांत लहान, नव्यानंच लग्न झालेली. तिला लघवीला जळजळ सुरू झाली. लाजेनं बोलली नाही. डिसेंबरात अंगात ताप भरला, तो किडनीपर्यंत गेला. पालिकेच्या रुग्णालयात सलाइन लावून पडली होती. डॉक्टरीण म्हणाली, भरपूर पाणी पीत जा. दर्शना माझ्याकडे बघून हसली. ते हसू बघून मला तुझी आठवण झाली.

मला एवढंच सांग. भिंत बांधा असं तू लिहिलंस का?

तुझी आत्या,
कौसल्या

*

प्रभादेवी,
१९ जानेवारी २०२५

आत्या,

जय भीम. दाराखाली पत्र दिसलं तेव्हा आधी दादांचीच काळजी वाटली. मग वाचलं. वाचून मलाही राग आला आणि तुझीच सवय मला असल्यामुळे तो झाकत नाही.

मी तुला ओळखलं नाही. केस, कपाळ, नाक, तोंड सगळं झाकलेलं, वर तो कोट. त्या पोशाखात सगळ्या एकसारख्या दिसतात. पण तू तर मला ओळखलं होतंस ना? डोळ्यांनी खुणवायचं तरी. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन हाक मारायची. तेव्हा तू गप्प राहिलीस आणि आता दोन महिन्यांनी मला आरोपी करतेस.

आता भिंतीचं. भिंत बांधा असं मी लिहिलं नाही. संडासाचं दार थेट पॅकिंगच्या जागेत उघडता कामा नये, एवढंच लिहिलं, आणि ते आजही लिहीन. दोन्हींच्या मध्ये छोटी मोकळी जागा ठेवायची, दोन दारं, एक बेसिन, कोट टांगायला खुंट्या, की झालं. मोठा खर्चही नाही. पण हा उपाय मी सांगायचा नसतो. ऑडिटरनं दोष दाखवायचा, उपाय कंपनीनं शोधायचा. आम्हीच उपाय सांगितला तर पुढच्या वेळी आम्ही आमचंच काम तपासतो असं होईल.

आणि मी बघितलं ते ऐक. एक बाई कोट घालून आत गेली, तोच कोट आणि त्याच चपला घालून बाहेर आली आणि सरळ कागदाला हात लावला. त्या कागदावर मिठाई ठेवतात, आत्या. ती लहान पोरं खातात. दादासुद्धा खातात. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचं होतं का?

मग कंपनीनं मला भिंतीचा फोटो पाठवला. दार गेलेलं दिसत होतं. मी पॉइंट बंद केला, म्हणजे दोष दूर झाला असं लिहिलं. नियमानं त्यात काही चुकलेलं नाही. फोटोत भिंत होती, दर्शना नव्हती.

तुम्ही तक्रार केली का? प्रत्येक गाळ्यात तक्रारपेटी असावीच लागते. चिठ्ठीवर नाव घालायची गरज नसते. आधी ते करा. आणि तू तिथे काम करतेस हे मला आता कळलंय, म्हणजे मला ऑफिसात सांगावं लागेल. नातेवाईक असलेली जागा आम्ही तपासत नाही.

दर्शनाला चांगल्या डॉक्टरकडे न्या. पैसे लागले तर सांग.

सम्यक

*

परळ,
२६ जानेवारी २०२५

सम्यक,

सकाळी झेंडावंदनाला उभी होते, पण डोक्यात तुझं पत्र होतं. "फोटोत भिंत होती, दर्शना नव्हती." हे वाक्य लिहिताना तुझा हात अडखळला नाही? शिकून माणूस हुशार होतो असं आम्ही तुला शिकवताना धरून चाललो होतो.

तक्रारपेटी आहे बाबा. छान लाल रंगाची आहे. रघुवीरच्या टेबलाच्या वर टांगलीय आणि तिची किल्ली सिद्धांत सरांकडे असते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तीत चिठ्ठी टाकायची म्हणजे रघुवीरच्या डोक्यावरून हात न्यायचा. नाव घालायची गरज नाही ते बरोबर आहे, हात कोणाचा ते त्याला दिसतंच.

कोट घालून आत गेलेली बाई तू पाहिलीस. तो कोट तिनं काढून ठेवायचा कुठे, हे बघितलंस? बाहेर एक खुंटी नव्हती. ओल्या फरशीवर टाकायचा का पांढरा कोट? आम्ही कैकदा सांगितलं, दोन खिळे ठोका. ते झालं नाही. आणि तू येऊन लिहिल्यावर थेट संडासच गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आम्हाला तुझ्या नियमांचं वावडं आहे असं समजू नकोस. बांगड्या काढा म्हणाले, काढल्या. पोरींनी मंगळसूत्रं काढून डब्यात ठेवली, घरी सासवांची बोलणी खाल्ली. जखमेवर निळीच पट्टी लावायची, कारण पांढरी पट्टी कागदात पडली तर दिसत नाही, हे मला पटलं आणि नव्या पोरींना मीच ते समजावते. पहिल्यांदा तो कोट अंगात घातला तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्या कामालाही कोणी काम समजतंय असं वाटलं. म्हणून तर जास्त चीड येते. खोक्याला माणसाचा हात लागू नये म्हणून एवढी काळजी, आणि त्या हाताच्या माणसाचं काय? तुम्हाला मिठाईच्या खोक्यात जंतू नकोत. ते दर्शनाच्या पोटात असले तर चालतात.

मला डॉक्टरचे पैसे नकोत. तू परत ये. साहेब म्हणून ये, भिंतीवर हात आपट आणि विचार, यामागे काय आहे. तुला ठाऊक आहे म्हणून तू विचारशील. दुसरा येईल, पांढरी भिंत बघेल आणि पुढे जाईल. म्हणून ऑफिसात नातं सांगू नकोस. इतके दिवस तुला माहीत नव्हतं ना? मग आणखी थोडे दिवस माहीत नाही असं समज. आत्यासाठी एवढं करायला काही जात नाही.

कौसल्या

*

प्रभादेवी,
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

मी ऑफिसात सांगितलं. लेखी दिलं. तुझं पत्र यायच्या आधी नाही, आल्यानंतर. मुद्दाम तसं लिहितो, म्हणजे तुला शिव्या घालायला सोपं जाईल.

तो गाळा माझ्याकडून काढून घेतला. एप्रिलात दुसरं कोणीतरी येईल. त्या माणसाला मी काही सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. भिंतीचा विषय मी काढला तेव्हा आमचे साहेब म्हणाले, घरगुती माहितीवर बंद झालेला पॉइंट उघडता येत नाही. मी भांडलो. उपयोग झाला नाही.

मी न सांगता आलो असतो आणि तुझ्यासाठी भिंत ठोकली असती, तर सिद्धांतला नातं कळायला किती वेळ लागला असता? त्यानं माझा कागद कचऱ्यात टाकला असता आणि म्हणाला असता, आत्याच्या सांगण्यावरून लिहिलंय. मग तुमची भिंत कायमची पक्की झाली असती.

आता माझं ऐक. दोन्ही पत्रं मला आली. सिद्धांतला एक तरी गेलं का? त्याच्यासमोर तुमच्यापैकी एकीनं तरी तोंड उघडलं का? माझ्यावर रागावणं सोपं आहे. मी घरचा आहे. मी पगार कापत नाही, कामावरून काढत नाही, उलट जेवायला आलो तर पाट मांडून बसतो. वड्याचं तेल वांग्यावर काढतेस तू, आत्या.

आणि हेही ठाऊक असू दे. हा दोष मोठा म्हणून लिहिला गेला तर सर्टिफिकेट अडकेल. सर्टिफिकेट अडकलं की मिठाईवाली कंपनी माल घेणं थांबवेल. माल थांबला की आधी बायका घरी जातील. तुला भीती घालायला लिहीत नाही. मला भीती वाटते म्हणून लिहितो. कोणी काय बोलावं हे मी सांगणार नाही, सांगूही शकत नाही.

सम्यक

*

परळ,
रविवार, २० एप्रिल २०२५

सम्यक,

वड्या-वांग्याचं वाचून मी तुझं पत्र चुलीत घालणार होते. चूल नाही म्हणून वाचलं. गॅसवर पत्र जाळलं तर दादा ओरडला असता.

झोंबलं, कारण खरं होतं. मी तुझ्यावर भडाभडा बोलत होते आणि दुसऱ्या दिवशी सिद्धांत सरांना "गुड मॉर्निंग सर" करत होते. त्याची मला किळस आली. म्हणून मग तुला लिहिलं नाही. मध्येच एकदा सिद्धांत सरांना जिन्यात गाठून म्हटलं, सर, बायकांचे हाल होतायत. ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "ऑडिटवाल्यांना सांगा, त्यांचाच रूल आहे." हेच सगळ्यांना सांगत आलेत ते. आम्हीही तेच धरून बसलो होतो.

बुधवारी ऑडिट झालं. आदल्या आठवड्यात रघुवीर नेहमीप्रमाणे आम्हाला ओळीनं बसवून प्रश्नोत्तरं पाठ करून घेत होता. तुम्हा लोकांना हे ठाऊक आहे की नाही कोण जाणे. तुम्ही येऊन काय विचारणार ते त्याला माहीत असतं आणि आम्ही काय बोलायचं तेही त्यानं ठरवलेलं असतं. हात कधी धुता? इतक्या वेळा. काच फुटली तर? काम थांबवून सांगतो. आजारी असाल तर काय करता? "सुपरवायझरला सांगतो आणि लाइनवरून बाजूला होतो." सगळ्यांनी एका सुरात. मी आजवर एकीला बाजूला होताना पाहिलेलं नाही. बाजूला झालं की खाडा पडतो.

या वेळी बाई आल्या होत्या, ऋग्वेदा म्हणून. वयानं तुझ्याएवढ्याच. आदल्या दिवशी दर्शनाशी माझं एवढंच ठरलं होतं की विचारलं तर खरं बोलायचं. बाकी काही ठरलं नव्हतं. मॅडम टेबलाशी आल्या, माझे हात बघितले आणि विचारलं, "मावशी, आजारी असाल तर काय करता?"

मी म्हटलं, "आजारीच आहे मॅडम. लघवीला जळजळतं. फेब्रुवारीपासून. आता बाजूला होते."

आणि टोपी काढली. माझा आजार तुला लिहिला नव्हता, आता कळला.

रघुवीर हसला. म्हणाला, "काय कौसल्याबाई, काय बोलता काय! मॅडम, ती जरा गरमीनं..." सम्यक, लघवी हा शब्द मी आयुष्यात पुरुषमाणसासमोर उच्चारला नव्हता. दादासमोर तर नाहीच. बोलताना कान तापले होते. पण तो हसला आणि माझी लाजच गेली. मी परत मोठ्यांदा म्हटलं, "लघवीला जळजळतं. कारण जायला जागा नाही, म्हणून पाणी पीत नाही. हसायचं काय आहे त्यात?"

सिद्धांत सर पुढे आले. "मॅडम, ये पर्सनल मॅटर है, आपण वर ऑफिसमध्ये बसू या ना." तेवढ्यात मागून दर्शनाचा आवाज आला, "मी पण आजारी आहे." तिनं कोट काढून टेबलावर ठेवला. मग पलीकडची. मग तिच्या शेजारची. काही जणी खरोखरच आजारी होत्या, काही जणी नव्हत्या, पण नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. चौदापैकी तिघी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. कागद मशीनवर तसाच राहिला.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं टॉयलेट कुठे आहे?" आम्ही भिंतीकडे बोट केलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता जाता तिथे मला न्या." सिद्धांत सर म्हणाले, तिकडे घाण आहे मॅडम, तुम्ही नका जाऊ. त्या म्हणाल्या, "ह्या जातात ना?" मी पुढे, त्या मागे, टेम्पोंच्या मधून वाट काढत. त्या आत जाऊन आल्या. आल्यावर नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि तिथेच उभ्याउभ्या लिहायला लागल्या.

मोठा दोष लिहिला म्हणे. संध्याकाळी सिद्धांत सरांनी आम्हा अकरा जणींना गेटवर सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

तू लिहिलं होतंस तस्संच झालं. आता मी घरी आहे. दादाला वाटतंय मला सुट्टी लागली. डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या चालू आहेत, उगाच धावत येऊ नकोस. मला पश्चात्ताप झालेला नाही. राग मात्र होता त्याच्या दुप्पट झालाय, आणि या वेळी तो तुझ्यावर नाही.

आत्या

*

प्रभादेवी,
२४ एप्रिल २०२५

आत्या,

घाईत लिहितो. फोनवर बोलणं आता बरं नाही आणि घरी येणंही नाही, ते का ते कळेलच.

सिद्धांतनं आमच्या ऑफिसला मेल केलाय. पहिल्या ऑडिटरची सख्खी आत्या आमच्या गाळ्यात आहे, त्यानंच बायकांना पढवलं, हे सगळं ठरवून केलेलं नाटक आहे, दोन्ही ऑडिट रद्द करा, असं म्हणतो. त्याला कळलं कसं? चाळीत कोण बोललं? मला सोमवारी चौकशीला बोलावलंय.

तो तुला बोलावेल. कामावर परत घेतो म्हणेल, पगार वाढवतो म्हणेल आणि कागद पुढे करेल. कशावरही सही करू नकोस. घर चालवायचं आहे, दादांची औषधं आहेत, हे मला समजतं, पण मोहात पडू नकोस. माझी नोकरी त्या सहीवर आहे. महिन्याचे पैसे मी पाठवतो.

तू आजारी आहेस हे मला असं कळावं याचा राग आला आहे. तो नंतर बोलू.

सम्यक

*

परळ,
रविवार, १८ मे २०२५

सम्यक,

"मोहात पडू नकोस." हे तू मला लिहितोस? माझ्या आयुष्यात मोहाला उभं राहायला तरी कधी जागा होती का रे? तुझं ते पत्र मी मुद्दाम जपून ठेवलंय. तुझं लग्न झालं की सुनेला वाचून दाखवणार आहे.

कोण बोललं म्हणून विचारलंस. तुझा बाप बोलला. बुधवारचं ऑडिट झाल्यावर रघुवीर माझा उरलेला हिशेब द्यायला घरी आला होता. दादानं त्याला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "आमचा सम्यक पण हेच काम करतो, मोठमोठ्या कंपन्या तपासतो." भिंतीवरचा पदवीदानाचा फोटोही दाखवला. पोराचं कौतुक करण्यावाचून त्याला दुसरा उद्योग नाही. त्याला मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

सिद्धांत सरांनी मला बोलावलं, ते तू म्हणालास तसंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर ऑफिसात खुर्ची मिळाली आणि पुढे चहाही आला. मग कागद आला. "माझ्या पुतण्याने मला असे बोलायला सांगितले" असं त्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, पहिलं म्हणजे तो पुतण्या नाही, भाचा आहे, माझ्या भावाचा मुलगा. सर म्हणाले, "जे असेल ते. तुम्ही साइन करा, उद्यापासून या. नाहीतर त्याची सर्व्हिस जाईल. एजन्सीला माहीत नाहीये तो तुमचा कोण लागतो."

तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "माहीत आहे त्यांना. त्यानं फेब्रुवारीतच लेखी दिलंय. मी नको नको म्हणत होते, तरी दिलं."

सरांनी कागद हळूच ओढून घेतला. चहा मी घेतला नाही.

तर तू ऑफिसात सांगितलंस ते बरं केलंस. तेव्हा मी तुला गप्प राहायला सांगत होते, ते चूक होतं. हे लिहून देते, तोंडावर म्हणणार नाही. आणि तुझ्यासाठी सही केली नाही असा गैरसमज करून घेऊ नकोस, डोक्यावर चढून बसशील. सही केली असती तर ती भिंत माझ्या नावावर झाली असती.

तुला चौकशीतून मोकळं केलं हे दादाकडून कळलं. गाळ्यातलं तुला कळलं असेल-नसेल म्हणून सांगते. मिठाईवाल्या कंपनीनं माल थांबवला. मालक स्वतः आले, पोरावर ओरडले म्हणे. मग भिंत फोडली. मध्ये छोटी जागा सोडून दोन दारं केली, बेसिन लावलं, खुंट्या ठोकल्या. तू म्हणत होतास तसंच. एका गवंड्याचं चार दिवसांचं काम होतं ते. त्याच्यासाठी एक मुलगी सलाइनवर गेली आणि अकरा घरांत महिनाभर चूल कशी पेटली ते आमचं आम्हाला ठाऊक.

दहा जणींना परत घेतलं. मला नाही. रघुवीर म्हणाला, तुमचं आता वय झालं. गेल्या वर्षी याच वयाला मी नव्या पोरींना शिकवत होते. काम बघतेय, मिळेल. शिवडीत गाळे काही कमी नाहीत. तुझे पैसे आले, ते दादाच्या औषधांना वापरले. पुढच्या महिन्यापासून पाठवू नकोस.

परवा संध्याकाळी दर्शना सरळ कामावरून माझ्याकडे आली. हातपाय धुवायला घरी गेली नाही की काही नाही. दारातूनच म्हणाली, "आत्या, आज मी डब्याबरोबर दोन गिलास पाणी प्याले. घटाघटा. आणि पुन्हा चारला एक." आणि सणाच्या दिवशी पोरं हसतात तशी हसायला लागली.

महाडच्या तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, ते आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. त्याला शंभर वर्षं होत आली. आणि इथे मुंबईत एक शिकलीसवरलेली पोरगी पाणी प्याले म्हणून धावत सांगत येते, सम्यक. तिचा तो आनंद बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिच्यावर खेकसले, "त्यात हसायचं काय आहे गं?"

मग मी तिला आत बसवलं आणि आणखी एक तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला.

तुझी आत्या,
कौसल्या